गाडी वेगवान, पेट्रोल कोणते?

कोल्हापूर-सांगली रस्त्यावर हातकणंगल्याच्या आसपास एखाद्या पेट्रोल पंपावर थोडा वेळ उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानी पडतो : “साहेब, साधं की प्रीमियम?” नुकतीच टर्बो इंजिनाची देखणी मोटार घेतलेला तरुण क्षणभर घोटाळतो. लाखमोलाच्या गाडीत साधे पेट्रोल कसे भरावे, असे मनात येते आणि तो प्रीमियमकडे बोट दाखवतो. बाजूला बसलेले वडील मात्र पुटपुटतात, “पेट्रोल ते पेट्रोल. उगीच पैसे जास्त कशाला?” या दोघांपैकी बरोबर कोण, याचे उत्तर पंपावर मिळत नाही; ते गाडीच्या इंजिनात दडलेले असते.

साध्या आणि प्रीमियम पेट्रोलमधील मुख्य भेद ऑक्टेन अंकाचा. हा अंक पेट्रोलची शक्ती किंवा शुद्धता सांगतो, असा एक मोठा गैरसमज आहे. वस्तुतः दाबाखाली इंधन आपोआप पेटण्याला किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि सहज पेटणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य असे मानून ही मोजपट्टी आखलेली आहे.

इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी पडून ते पेटते. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेल्यास ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेल्या मिश्रणाचा भडका उडतो. त्यातून जो कटकट आवाज येतो, त्यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते सतत होत राहिले तर पिस्टनला इजा होते. टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून आत ढकलली जाते, त्यामुळे तेथे हा धोका अधिक. वेगवान गाड्यांना वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल सुचवले जाते, ते याच कारणाने.

आजच्या गाड्यांत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. त्याला चाहूल लागताच गाडीचा संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचते, परंतु ताकद थोडी कमी होते आणि पेट्रोल थोडे जास्त लागते. मात्र ज्या इंजिनाची रचनाच ९१ ऑक्टेनसाठी आहे, त्याला ९७ किंवा १०० अंकाचे पेट्रोल पाजून फारसे काही साधत नाही. जे नॉकिंग होणारच नव्हते, ते टाळण्यासाठी आपण पैसे मोजतो, इतकेच.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या चाचण्यांतही हेच दिसले. २०१६ मध्ये, साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांना प्रीमियमचा लक्षणीय लाभ होत नसल्याचे आढळले. २०१७ मध्ये, ज्या गाड्यांना प्रीमियम ‘सुचवलेले’ आहे पण सक्तीचे नाही अशा गाड्यांची चाचणी झाली. त्यांत इंधनाची बचत सरासरी २.७ टक्के आणि ताकदीतील वाढ १.४ टक्के भरली. (अमेरिकेत असलेल्या नातलगांशी तुलना करताना एक भान ठेवावे. तिकडे अंक मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने तेथील ८७ म्हणजे साधारणपणे आपल्याकडील ९१ होय.)

आता थोडा हिशेब करू. समजा, साधे पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये आहे. ४० लिटरच्या टाकीमागे २८० रुपये जास्त जातात; महिन्याला दोन टाक्या धरल्या तर वर्षाला ६,७२० रुपये. हे पैसे केवळ मायलेजमधून वसूल करायचे असतील तर ते जवळजवळ सात टक्क्यांनी वाढले पाहिजे. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचा हिशेब तर याहून कठीण. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये ‘एक्सपी १००’ आणले तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. पहिल्या टप्प्यातील दहा शहरांत मुंबई आणि पुणे होते.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे आणि तो थेट हातकणंगले तालुक्याच्या शिवाराशी निगडित आहे. हुपरी, नरंदे, इचलकरंजी हा साखर कारखान्यांचा पट्टा. उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. त्यामुळे बीएस-६ मानकांतील ९१ हा अंक २० टक्के मिश्रणामुळे ९५ पर्यंत गेल्याचे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे केवळ ९५ या अंकासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही. राहता राहतात ती इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून मायलेज काहीसे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के अपेक्षिली होती. शिवाय एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या रबरी नळ्या व सील २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नाहीत. हौसेने सांभाळलेली, फक्त रविवारी बाहेर निघणारी जुनी स्पोर्टी गाडी असेल तर अधिक जपावे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. प्रीमियम म्हणजे इथेनॉलमुक्त, असा समज करून घेऊ नये. ‘एक्सपी १००’ इथेनॉलविरहित असते; ९५ अंकाच्या पेट्रोलबाबत मात्र पंपावर विचारून खात्री करावी. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय सर्वत्र मिळावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

तेव्हा निर्णय कसा करावा? प्रथम टाकीच्या झाकणाची आतली बाजू आणि गाडीची माहितीपुस्तिका पाहावी. तेथे लिहिलेला किमान ऑक्टेन अंक हीच खरी आज्ञा. ९१ लिहिले असेल तर साधे पेट्रोल निःशंकपणे भरावे. ९५ ‘सुचवलेले’ असेल तर एरवी साधे चालेल. आंबा किंवा फोंडा घाट भरल्या गाडीने चढायचा असेल, तर वरच्या अंकाचे पेट्रोल उपयोगी पडू शकते. ९७ किंवा ९८ ‘आवश्यक’ असे लिहिले असेल तर मात्र काटकसर करू नये. तेथे वाचवलेले शेकडो रुपये इंजिनाच्या कामात हजारोंनी जातील. आणि इंजिन कटकट करू लागले तर महागडे पेट्रोल भरण्याआधी गाडी जाणकार मेकॅनिकला दाखवावी.

पंपावरच्या त्या पिता-पुत्रांत कोण बरोबर, हे झाकण उघडल्याशिवाय कळायचे नाही. एक मात्र खरे : गाडीचा रुबाब पाहून पेट्रोल भरू नये, इंजिनाची गरज पाहून भरावे.