विषण्णतेवरील उपचार आणि संगणकीय साधने

विषण्णता हा विकार संगणकाच्या साहाय्याने कितपत दूर करता येईल, या प्रश्नाचा विचार करताना एकाच साधनाने दोन ठिकाणी दिलेली भिन्न फळे विशेष उद्बोधक ठरतात. ते साधन म्हणजे ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात, कॅनबेरा येथे सिद्ध झालेले 'मूडजिम'. अ‍ॅरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडलेल्या बोधात्मक उपचारपद्धतीचे मर्म असे, की विषण्ण मनुष्य स्वतःविषयी, जगाविषयी व भविष्याविषयी काही ठरावीक साच्याचे प्रतिकूल निष्कर्ष काढीत असतो, आणि ते निष्कर्ष तपासून पाहण्याचा अभ्यास त्याच्याकडून करवून घेता येतो. ही पद्धती पाठांत विभागता येण्याजोगी असल्याने ती संगणकावर उतरविणे फारसे कठीण गेले नाही.

हेलन क्रिस्टेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या साधनाची ५२५ व्यक्तींवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका गटास मूडजिम, दुसऱ्यास विकाराची केवळ माहिती देणारे 'ब्ल्यूपेजेस', व तिसऱ्यास तुलनेसाठी साधी बातचीत अशी योजना होती. पहिल्या दोन्ही गटांत लक्षणे घटली. (निव्वळ माहितीनेही गुण यावा, ही गोष्ट उपचारतज्ज्ञांच्या अभिमानास थोडी बाधक खरी.) इंग्लंडमध्ये तर नाइस या संस्थेने २००६ सालीच 'बीटिंग द ब्लूज' या तत्सम साधनाची सौम्य व मध्यम विषण्णतेसाठी शिफारस केली होती.

परंतु तेथीलच ६९१ रुग्णांवरील, सायमन गिलबॉडी प्रभृतींच्या २०१५ सालच्या चाचणीत निराळेच दिसले. कुटुंबवैद्याच्या नेहमीच्या उपचारास यांपैकी कोणत्याही साधनाची जोड दिल्याने चार महिन्यांअंती म्हणण्याजोगा अधिक लाभ झाला नाही. कारण उघड होते. साधने वापरलीच गेली नव्हती. 'बीटिंग द ब्लूज'च्या आठ सत्रांपैकी मध्यगत रुग्णाने दोनच पुरी केली; मूडजिमचे तर एकच.

यात रुग्णांचा आळस पाहणे अन्यायाचे होईल. उत्साहाचा लोप, एकाग्रतेचा अभाव, कशाचाच उपयोग नाही ही धारणा, ही विकाराची लक्षणेच होत; आणि स्वाध्यायाचे साधन नेमक्या याच शक्तींची मागणी रुग्णाकडे करते. पाय मोडलेल्यास चालत दवाखान्यात येण्यास सांगावे, तसा हा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातील चाचणीत दर आठवड्यास दूरध्वनी करून पुढील पाठाची दिशा दाखविणारी माणसे होती. ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. इंग्लंडमधील २०१५च्या चाचणीत दूरध्वनी होता, पण तो मुख्यतः तांत्रिक साहाय्यापुरता. गिलबॉडी यांच्याच पुढील चाचणीत, ३६९ रुग्णांवर, मूडजिमला दूरध्वनीवरील मार्गदर्शनाची जोड देताच चार महिन्यांअंती अल्प परंतु निश्चित लाभ आढळला.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ३९ चाचण्यांतील व्यक्तिशः माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणाने या मताला आणखी एक मर्यादा घातली. विषण्णता अगदी सौम्य असेल, तर मार्गदर्शक असण्यानसण्याने फारसा भेद पडत नाही. ती मध्यम वा त्याहून तीव्र असेल, तर मार्गदर्शित उपचार सरस ठरतो. म्हणजे ज्याला गरज अधिक, त्याला माणसाचीही गरज अधिक. आत्मघाताच्या विचारांनी ग्रस्त असलेल्यांना तर यांतील बहुतेक चाचण्यांनी वगळलेलेच असते. त्यांच्याविषयी या आकड्यांवरून काहीही अनुमान काढता येत नाही.

महाराष्ट्रात या साधनांची मराठी रूपे करू इच्छिणाऱ्यांनी भाषांतरावर जेवढा विचार केला पाहिजे, तेवढाच आठवड्यातून एकदा दूरध्वनी कोण करणार, यावरही केला पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी भारत सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि अनेक भारतीय भाषांत बोलतात. मात्र तेथे दूरध्वनी रुग्णाने वा त्याच्या आप्तांनी करावयाचा असतो.