दुर्मिळ, पण कशी?

पौड सोडून ताम्हिणीकडे निघालेल्या पर्यटकाला श्रावणात दिसणारे प्रत्येक अनोळखी फूल दुर्मिळ वाटते. अभ्यासक मात्र तसे ठरवण्याआधी काही गोष्टी तपासतात.

तीन प्रश्न

डेबोरा राबिनोविट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये ही तपासणी तीन प्रश्नांत मांडली. जात किती प्रदेशात पसरली आहे? किती प्रकारच्या जागी तग धरते? आणि जिथे आहे तिथे तिची संख्या किती? प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरे धरली की यातून आठ शक्यता निघतात. एक सर्वत्र आढळणाऱ्या जातींची, बाकी सात दुर्मिळतेच्या.

कारवीचा फुलोरा

कारवी या सातांत धरू नये. मुळशीच्या डोंगरउतारांवर ती रानोमाळ आहे, तिच्या काठ्यांचे कूड घातलेली घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. सुमारे सात वर्षांनी ती एकदाच फुलते आणि मरते. दुर्मिळ आहे तो फुलोरा, झुडूप नव्हे.

कड्यावरची शिंदळ माकुडी

ही वनस्पती खरी दुर्मिळ. जगात फक्त महाराष्ट्रात, तीही सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर. शिवनेरीचा परिसर हे तिचे जुने ठिकाण. मांसल पाने, पिवळे ठिपके असलेली गडद तांबडी फुले. एवढ्याशा जागेत वाढणाऱ्या वनस्पतीचा एक कडा वणव्यात गेला किंवा रस्त्यासाठी फोडला, तरी नुकसान भरून येत नाही.

गिधाडांचे उलटे

गिधाडांना प्रदेशाची वाण कधीच नव्हती. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या गुरावर थवे उतरत, हे जुन्या माणसांना आठवते. १९९० च्या दशकात ती झपाट्याने मेली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर लांब चोचीचे भारतीय गिधाड अतिसंकटग्रस्त यादीत पोचले होते.

म्हणून उपायही वेगळे. माकुडीसाठी कडा राखावा लागतो, गिधाडासाठी औषध बदलावे लागते. नुसते कुंपण घालून गिधाड वाचणार नाही.

फोटो टाकताना

मोजक्या जागी उगवणाऱ्या वनस्पतीचे नेमके ठिकाण जाहीर झाले की ती उपटून नेणारेही तिथे पोचतात. ताम्हिणीत असे काही दिसले तर फोटो जरूर काढा, पण जागा फक्त वनखात्याला किंवा अभ्यासकांना कळवा.