विषाणू ओसरतो, तरी फुप्फुस का भरते?

(लेखांक ६)

फुप्फुसात पाणी भरणे महाड-पोलादपूरच्या डॉक्टरांना जुने परिचयाचे आहे, ते लाल विंचवामुळे. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि मागे तुंबलेल्या रक्ताच्या दाबाने पाणी वायुकोशांत उतरते. १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा क्रम ओळखला आणि रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले. सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर १ टक्क्याच्या आसपास आले.

विषाणूजन्य न्यूमोनियातही फुप्फुस भरते, पण तेथे बहुधा हृदयाचा दोष नसतो. गळते ती वायुकोशाची भिंत, आणि ती खिळखिळी करण्यात विषाणूइतकाच शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा हात असतो.

वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. हा इशारा वेळेत गेला तर संसर्ग बहुधा लवकर आटोक्यात येतो. कोरोनाचा विषाणू मात्र हा इशाराच दाबून ठेवतो. तोवर विषाणू वाढतो आणि मग उशिरा उठलेली प्रतिक्रिया अतोनात जोरकस ठरते. सायटोकाइन नावाच्या रासायनिक निरोपांमुळे केशवाहिन्यांच्या पेशींमधले सांधे सुटतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात. त्यांची विकरे व तीव्र ऑक्सिजन-संयुगे विषाणूग्रस्त आणि निरोगी पेशी असा भेद करत नाहीत. प्रथिनयुक्त द्रव झिरपतो, वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट निकामी होते, बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात आणि रक्तातला ऑक्सिजन घसरतो.

म्हणूनच कोविडचे अनेक रुग्ण पहिल्या आठवड्यात ठीक दिसून नंतर, विषाणूचे प्रमाण उतरू लागले असताना, खालावत. औषधाची वेळ येथे फार महत्त्वाची. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या प्रतिकार दडपणाऱ्या स्टेरॉइडच्या रोज ६ मिलिग्रॅम मात्रेने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने, तर नुसत्या ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक-पंचमांशाने घटले. ऑक्सिजनची गरजच नसलेल्यांना काही लाभ झाला नाही. विषाणू वाढत असताना प्रतिकार दडपला तर त्यालाच मोकळे रान मिळते. तरीही ताप आल्या दिवसापासून स्टेरॉइड घेणारे कमी नव्हते, आणि ही चूक महागात पडणारी होती. २०२१ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजारामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अतिवापरही होता. फ्लूच्या न्यूमोनियात तर स्टेरॉइडचा असा फायदा सिद्ध झालेला नाही.

१९१८च्या फ्लूच्या साथीत मुंबई इलाख्यात विशीतिशीतली माणसे मोठ्या संख्येने दगावली. तरुण शरीराचा अतिरेकी प्रतिकार हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मात्र मागाहून होणारा जिवाणूंचा न्यूमोनियाही त्या मृत्यूंचे मोठे कारण होता.

दाह शमल्यावर वायुकोशांतल्या ‘टाइप-२’ नावाच्या पेशी विभागून नवे अस्तर घालतात आणि झिरपलेला द्रव हळूहळू शोषला जातो. बहुतेकांचे फुप्फुस काही महिन्यांत बरेचसे सावरते. जेथे अस्तराआधी तंतू वाढतात तेथे ऊती ताठर होते आणि चढण चढताना धाप उरते.