निनावी पत्राची वाट कशाला पाहायची?

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात कुरळप नावाचे गाव आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या एका आश्रमशाळेतील मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले आणि महाराष्ट्र हादरला. संस्थाचालकाला अटक झाली, एका महिला कर्मचाऱ्यालाही झाली, पुढे न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पण मला वकील म्हणून एकच गोष्ट टोचत राहते. या प्रकरणाला वाचा फुटली ती पोलिसांकडे पोचलेल्या एका निनावी पत्रामुळे. आश्रमशाळा म्हटली की शिक्षक असतात, अधीक्षक असतात, स्वयंपाकाच्या मावश्या असतात, तपासणीला येणारे साहेब असतात, पालक असतात. इतके डोळे असूनही खबर निनावी कागदावरूनच का यावी?

याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. आपल्या समाजाचे शिक्षण वसतिगृहांतून झाले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाळ भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच साताऱ्यात सर्व जातीच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालणारे वसतिगृह उघडले. बोर्डिंग नसते तर आपल्यातले कितीतरी जण आज गुरेच राखत बसले असते. म्हणूनच ‘संस्थेचे नाव खराब होईल’ हे वाक्य आपल्याकडे सहज खपते. मुलाची सोय झाली आहे, दोन वेळ जेवतो आहे, मग कशाला बोंब मारायची? ऊसतोडीला निघालेला बाप पोराला मागे ठेवतो तेव्हा त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो, आणि हे संस्थाचालकाला चांगले ठाऊक असते.

मीही यातून सुटलेलो नाही. पोक्सो कायदा नवा होता तेव्हाची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “वकीलसाहेब, एक पोरगं रात्री झोपत न्हाई, अंथरूण ओलं करतंय, अन् त्या सरांचं नाव काढलं की जेवण टाकून उठतंय.” मी काय केले? संस्था आपल्याच चळवळीतल्या माणसांची, म्हणून आधी अध्यक्षांना फोन केला. “बघतो, चौकशी करतो,” असे ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी मुलाच्या हातात दाखला देऊन त्याला गावी पाठवले होते. मावशींचे काम गेले. पोलिसांत प्रकरण पोचेपर्यंत मुलगा एक शब्द बोलायला तयार नव्हता. कायद्याचे पुस्तक माझ्या टेबलावर होते आणि मी फोन चुकीच्या माणसाला केला होता.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या या कायद्याचे १९ वे कलम काय म्हणते ते नीट वाचा. मुलावर लैंगिक अपराध घडला हे ज्याला माहीत आहे, किंवा तसा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पुरावा गोळा करणे हे तुमचे काम नाही, ते तपास अधिकाऱ्याचे आहे. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही. ‘उद्या खोटे ठरले तर?’ ही भीती घालणाऱ्याला हे वाक्य ऐकवावे.

हे कलम कागदावरच राहिले असे कोणी म्हणेल. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर अत्याचाराची माहिती दडवल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर अपराध आहे असे बजावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही याच कारणाने गुन्हा नोंदवला गेला.

आता आपल्या घरात डोकावू. आरोपी गावातला प्रस्थापित असेल तर बहिष्काराची, मजुरी बंद होण्याची धास्ती. तिथे निदान मोर्चा निघतो. आरोपी आपल्याच वस्तीतला, भावकीतला, विहारात पुढे बसणारा असेल तर? मग बैठक बसते, पाच माणसे ‘समाजाची बदनामी नको’ म्हणतात, रक्कम ठरते आणि पोरीला मामाच्या गावी पाठवतात. ही तडजोड कायद्याला मान्य नाही. राजस्थानात एका शिक्षकाने अल्पवयीन विद्यार्थिनीशी केलेल्या गैरवर्तनाचा गुन्हा बापाशी झालेल्या समझोत्यावर रद्द झाला होता. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते गावातले तिऱ्हाईत नागरिक. न्यायालयाने त्यांचे ऐकून गुन्हा पुन्हा जिवंत केला. तो निकालही ७ नोव्हेंबरचाच, सन २०२४.

मोर्चेवाल्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. मुलीचा फोटो, नाव, शाळा फ्लेक्सवर छापू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. प्रसारमाध्यमांतून ओळख उघड करण्याला २३ व्या कलमात किमान सहा महिन्यांची कैद आहे. न्याय मागायला निघालेले कार्यकर्तेच आरोपी झालेले मला पाहायचे नाहीत.

आणि मूल बोलले तर? त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा आणि थांबा. आई, आजी, सर, सरपंच, अध्यक्ष अशा पाच जणांपुढे त्याच्याकडून तेच तेच वदवून घेऊ नका. अंगावरचे कपडे धुऊ नका. दवाखान्यात न्या, तातडीच्या उपचाराआधी दवाखाना पोलिसांचे पत्र मागू शकत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिला फौजदाराने घ्यायचा असतो, आणि रात्री मुलाला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो हे सांगा. मुलगी अनुसूचित जातीची आणि आरोपी इतर समाजाचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटीची कलमे पहिल्याच फिर्यादीत लावून घ्या.

म्हाताऱ्या आणि अपंग माणसांबद्दल तर आपण शंकाही घेत नाही. निराधार पगाराच्या दिवशी म्हातारीच्या अंगठ्याला शाई असते, पासबुक पुतण्याकडे असते आणि तिच्या ताटात शिळा तुकडा. जत, कवठेमहांकाळच्या बाजूला पोरीच्या डोक्यात जट धरली की ‘देवीचं हाय’ म्हणून हात जोडणारे आजही भेटतात. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, महाराष्ट्राने २००५ साली नवा केला, तरी जट कापायला आई तयार होत नाही. कुठे मतिमंद मुलगी गोठ्यात बांधून ठेवलेली असते, आणि शेजारी म्हणतो, त्यांच्या घरचा प्रश्न आहे.

तो घरचा प्रश्न नाही. अपंगांच्या २०१६ च्या कायद्याचे ७ वे कलम सांगते की छळ होतो असे वाटणारा कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराला, कळवू शकतो. म्हातारीसाठी २००७ च्या कायद्याखाली प्रांतांपुढे अर्ज चालतो, आणि ती स्वतः करू शकत नसेल तर तिने अधिकार दिलेला दुसरा कोणीही तो करू शकतो. घरात मारहाण होणाऱ्या बाईबद्दल शेजारी संरक्षण अधिकाऱ्याला सांगू शकतो. या तिन्ही ठिकाणी, पोक्सोसारखी, न कळवल्याबद्दल तुम्हा-आम्हाला शिक्षा नाही. ही माझ्या मते कायद्यातली उणीव आहे, आणि गोठ्यातली मुलगी गोठ्यातच राहते त्याचे एक कारणही.

मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, कुठल्याही अडचणीत ११२. अर्ज लेखी दिलात तर दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, सही, वेळ घेऊन ती जपून ठेवा. माझ्याकडे आलेल्या त्या मावशींना मी हे सांगायला हवे होते. त्या आता दुसऱ्यांच्या शेतावर खुरपणीला जातात. भेटल्या की पहिल्यांदा त्या पोराचेच विचारतात.