स्वस्तातली जुनी गाडी आणि ‘थोडंसं वायरिंगचं काम’



उसाचा चुकारा खात्यात जमा झाला की गावोगाव जुन्या चारचाकीच्या गोष्टी निघतात. यात वावगे काही नाही. तिरोडा किंवा अर्जुनी मोरगावच्या आडगावातून रात्री-बेरात्री पेशंट गोंदियाला न्यायचा म्हटला, तर दारात गाडी असलेली बरी, हे आम्ही कोण सांगणार?

मागे एक सभासद आमच्याकडे आले. म्हणाले, “गाडी बालाघाटची आहे. लाखाच्या घरात जाते, पण मालक सत्तर हजारात देतो म्हणतो. इंजिन एकदम झकास. फक्त वायरिंगचं थोडंसं काम आहे. घेऊन टाकू का?” घरी सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून घाई.

आम्ही विचारले, “थोडंसं म्हणजे नेमकं काय?” ते त्यांना सांगता आले नाही. मालकालाही सांगता आले नव्हते. सगळी गोम इथेच आहे. इंजिनाचा बिघाड आवाज करतो, धूर काढतो; मिस्त्री खर्चाचा अंदाज देतो. विजेचा बिघाड लपून बसतो. कारण सापडत नाही तोवर त्याला किंमतच लावता येत नाही. दोन-चारशे रुपयांत काम भागेल, नाहीतर सगळे वायरिंग बदलावे लागेल. मग तीस हजारांची सूट मोठी की लहान, हे ठरवायचे कसे?

गाडीतली बॅटरी म्हणजे घरची ढोली समजा. सेल्फ मारताना तिच्यातून एकदम पायलीभर धान निघते. गाडी चालू झाली की अल्टरनेटर (आपल्याकडे अजून त्याला डायनामोच म्हणतात) ते परत भरतो. घराच्या वायरिंगमध्ये वीज परतायला वेगळी तार असते. गाडीत परतीची वाट म्हणजे बव्हंशी गाडीचा पत्राच. त्या पत्र्याला जिथे अर्थिंग जोडले आहे तिथे गंज चढला, की इंडिकेटर लावला तर मागचे दिवेही लुकलुकतात, हेडलाइट मंद होतो, हॉर्न घोगरा वाजतो. पाहणाऱ्याला वाटते चार बिघाड आहेत, असतो एकच. अशी गाडी घाबरून सोडणे हेही नुकसानच.

हे ओळखायला साधा मीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतात, 12.2 म्हणजे ढोली अर्धी रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यावा. वर चढलाच नाही, तर पट्टा, अल्टरनेटर किंवा त्याची जोडणी पाहावी. (काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम कमीजास्त केला जातो, तिथे जाणकारालाच विचारावे.) हे बिघाड दुरुस्त होणारे आहेत आणि त्यांची किंमत कळते.

गाडी बंद असतानाही थोडी वीज जात असते. ती 50 मिलिअँपिअरच्या आत असावी. समजा कुठेतरी चोरवाट आहे आणि अर्धा अँपिअर जातो आहे. लहान गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी मग 70 तासांत, म्हणजे तीन दिवसांत पार रिकामी होते. सेल्फ तर त्याच्याही आधी दगा देतो. तोडणीच्या दिवसांत आपली गाडी चार-चार दिवस जागची हलत नाही, हे ध्यानात घ्यावे.

पाहायला जाताना मालकाला सांगावे, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवून पाहावा. गरम लागला तर पुन्हा सकाळी यावे. चावी फिरवली की इंजिनाचा आणि एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग विझतो. तो लागलाच नाही, तर कुणीतरी त्याची सोय लावली आहे असे समजावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार दिसली तर ती गाडी पेटू शकते. धानाच्या कोठीशेजारी उभी राहिलेली गाडी असेल तर उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, तेही बॅटरी लावून पाहावे.

सगळ्यात वाईट प्रकार बुडालेल्या गाडीचा. 2020 च्या ऑगस्टअखेरीस संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगेने काय केले ते आपण पाहिलेच. 2019 ला कोल्हापूर-सांगली बुडाली. बुडालेली गाडी धुऊन-पुसून कुठे विकली जाईल याचा नेम नाही. पाणी तारेच्या आवरणाखाली शिरते, आतले तांबे हळूहळू खराब होते, सांध्यांवर हिरवट भुकटी धरते. आज हॉर्न बंद, महिन्याने काच, पावसाळ्यात सेल्फ. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ पाहावी, गालिचा उचलून वास घ्यावा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा. अशी खूण दिसली, तर आमच्या मते चाळीस हजारात दिली तरी नको.

बाकी गाड्यांचे गणित सोपे आहे. आपल्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन सोबत न्यावा, त्याची मजुरी द्यावी, कारण सापडवून खर्च कागदावर लिहून घ्यावा आणि तेवढी रक्कम भावातून कापून मागावी. मालक तपासू देत नसेल तर बयाणा देऊ नये.

एम.पी. 50 किंवा सी.जी. 08 ची गाडी एम.एच. 35 करायची, तर तिकडच्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा खर्चही भावात धरावा. गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, हे पाहावे. विमा आपल्या नावे करण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवावे.

त्या सभासदांबरोबर आम्ही बालाघाटला जाऊन आलो. गालिच्याखाली वाळलेला चिखल निघाला. गाडी तिथेच सोडली. सूनबाईंसाठी त्यांनी गावातल्या एका जीपवाल्याला सांगून ठेवले आहे; शिवाय 108 ची रुग्णवाहिका आहेच. चुकाऱ्याचे पैसे अजून बँकेत आहेत आणि गाडी पाहणे सुरू आहे.