अडकलेल्या पैशाची राखण

बिटकॉइनची हिशेबवही उलटवायला कुणाची गुप्त किल्ली चोरावी लागत नाही. जाळ्यातली निम्म्याहून अधिक गणनशक्ती हाती असली, की आपण दिलेले पैसे दिलेच नव्हते असं ठरवता येतं. दुसऱ्याच्या नाण्यांना तरीही हात लागत नाही. पण एकच नाणं दोनदा खर्चता आलं, की त्या चलनावर कोण भरवसा ठेवील?

सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये आलेल्या निबंधाची भिस्त माणसाच्या स्वार्थावर आहे. एवढी ताकद ज्याच्याकडे असेल, त्याला लबाडीपेक्षा नियमाने खेळण्यातच अधिक मिळावं. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, जुळतो आणि जुळवणाऱ्याला नवी नाणी मिळतात. पण ती पुढचे शंभर ब्लॉक जुळेपर्यंत खर्चता येत नाहीत! म्हणजे जवळपास सतरा तास कमाई अडकलेली. मला ही छोटी तरतूद फार हुशारीची वाटते. शिवाय यंत्रं अशी, की या कामाखेरीज त्यांचा उपयोग नाही. भाव कोसळला तर लबाडही बुडतो.

जून २०१४ मध्ये जीहॅश नावाचा मायनिंग पूल, म्हणजे यंत्रं एकत्र लावून कमाई वाटून घेणारा गट, निम्म्या गणनशक्तीच्या पुढे गेला. मोठ्या पूलमध्ये मिळकत नियमित येते, म्हणून जो तो तिथेच जात होता. धोका निर्माण केला तोही स्वार्थानेच. बोभाटा झाल्यावर अनेकांनी यंत्रं दुसरीकडे वळवली आणि पूलने चाळीस टक्क्यांखाली राहण्याचं कबूल केलं. आदल्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या इत्ताय एयाल आणि एमिन ग्यून सिरेर यांनी दाखवलं होतं, की सापडलेले ब्लॉक दडवून ठेवणाऱ्याला एक तृतीयांश शक्तीतही वाट्यापेक्षा जास्त कमावता येतं.

इथेरियम क्लासिक या दुसऱ्या चलनाचं मात्र निभावलं नाही. तिथली गणनशक्ती भाड्याने मिळत होती. भाडेकऱ्याचं काहीच अडकलेलं नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या हिशेबवहीवर तीनदा असा हल्ला झाला. मुख्य इथेरियमने २०२२ मध्ये यंत्रांची शर्यतच सोडली. आता राखणदाराला किमान ३२ इथर तारण ठेवावे लागतात, आणि लबाडी सिद्ध झाली तर त्यातले कापले जातात.

बिटकॉइनचं बक्षीस ५० नाण्यांवरून २०२४ मध्ये ३.१२५ वर आलं, आणि दर चार वर्षांनी ते निम्मं होत राहील. पुढे राखणीचा खर्च व्यवहारांच्या शुल्कातूनच भागवावा लागेल. ते शुल्क पुरेल, असं मला आजच्या आकड्यांवरून वाटत नाही.