आबांची बंदूक कवडीमोलाने का जाते?

हुपरीत जुने पैंजण मोडीत घालायला नेले, तर काय मिळेल याचा अंदाज दहा मिनिटांत येतो. वजन काट्यावर होते, टंच काढला जातो, चांदीचा त्या दिवशीचा दर पेढीत सगळ्यांना ठाऊक असतो. घट किती धरायची यावरून दोन शब्द होतात, तेवढेच. नाही पटले तर माणूस माल उचलून पुढच्या पेढीत जातो.

अशाच एका पेढीत परवा शेजारच्या गावचा एक ऊसवाला शेतकरी भेटला. आईचे तोडे मोडायला आला होता. पैसे मोजून झाले आणि हळू आवाजात म्हणाला, "चांदीचं झालं ओ. पण आमच्या आबांची बारा बोअरची जोडनळी हाय घरात. आबा जाऊन चार म्हैनं झालं. एकजण म्हणतोय, पाच हजार घे आन् आत्ताच देऊन टाक. द्यावी काय?"

विचारले, बंदूक आहे कुठे? म्हणाला, "माळ्यावर, वाकळंत गुंडाळून."

भावाची गोष्ट राहिली बाजूला, आधी माळ्याचे बघायला हवे होते. परवाना आबांच्या नावाचा. ते गेले तसा घरातल्या कुणालाच ती बंदूक जवळ ठेवण्याचा हक्क उरला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान दोन वर्षे आणि पाच वर्षांपर्यंत आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवली होती, हे सांगून सुटका होत नाही.

आणि पाच हजारवाल्याला हे पक्के ठाऊक असते. घरचे लोक घाबरलेत, कागद कुठे आहेत त्यांना माहीत नाही, ब्याद लवकर टळावी असे त्यांना वाटते. तो भाव बंदुकीचा करतच नाही, तुमच्या भीतीचा करतो. बरे, त्याच्याकडे परवाना नसेल तर विकणाराही त्याच्याबरोबर आत जातो.

खरे तर कायद्याने इथे वारसाची सोय केली आहे, पण ती गावात फार थोड्यांना माहीत असते. जमा केली म्हणजे बंदूक सरकारची झाली, असे नाही. कलम २१ मध्येच लिहिले आहे की, ठेवणाऱ्याला किंवा त्याच्या वारसाला ठराविक मुदतीत ती परवानाधारकाला विकता येते आणि विक्रीचे पैसे त्यालाच मिळतात. मुदत उलटून गेली तर मात्र जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. म्हणून जमा केल्याची पावती घेऊन गप्प बसू नये. मुदत कधीपर्यंत, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. विकायची नसेल, तर मुलाला वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर हयातीतही तो वारसाचे नाव देऊ शकतो. आबांनी ते केले असते तर हा घोर लागलाच नसता.

आता भावाकडे वळू. चांदीसारखा बंदुकीला रोजचा दर नाही. गिऱ्हाईक मोजके. ज्याच्या परवान्यावर त्याच प्रकारच्या हत्याराची जागा मोकळी आहे, तोच घेऊ शकतो. एकेकाळी शिकारीच्या हौसेने बंदुका खपत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती हौस संपली. आपल्याच जिल्ह्यात राजेरजवाड्यांच्या शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ सालीच गव्यांचे अभयारण्य झाले. राहिले पीक संरक्षण. त्यासाठी कायद्यात मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा विचार केला आहे. ती पुरत नसेल तरच दुसरी साध्या नळीची बंदूक मिळू शकते. (परवाना आहे म्हणून रानडुक्कर मारता येते, असाही समज आहे. तो चुकीचा. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.) त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवली. तिसरे असलेल्यांना एका वर्षात ते जमा करायचे होते, आणि ते वर्ष नेमके २०२० चे, लॉकडाऊनचे. सगळ्यांनी एकदम माल काढला की भाव मिळत नाही, हे टोमॅटोवाल्याला वेगळे सांगायला नको.

तरीही सगळ्या बंदुका एका भावाच्या नसतात. खाजगी माणसाला परदेशी बंदूक आयात करणे १९८० च्या दशकापासून बंद झाले. त्यामुळे जुन्या विलायती मालाला, म्हणजे बर्मिंगहॅमच्या ग्रीनर किंवा वेब्ली अँड स्कॉटसारख्या जोडनळीला, आजही विचारणारा असतो. साध्या एकनळीला तितका नसतो. नळीवरचे नाव, नंबर आणि नळीच्या बुडाशी असलेले चाचणीचे शिक्के आधी कागदावर उतरवून घ्या. नाव वाचता आले नाही म्हणून चांगली जोडनळी गावठी समजून दिली, असे होऊ नये.

जाणकार बंदूक कशी बघतो? रिकामी आहे याची दोनदा खात्री करून नळी उजेडाकडे धरतो. आत गंजाचे खड्डे आहेत का, बाहेरून पोचा आहे का, हे पाहतो. बिजागरी खिळखिळी झाली आहे का, नळी बंद केल्यावर फट राहते का, चाप आणि घोडा नीट चालतो का, हे तपासतो. नळी सुटी करून टांगतो आणि हलके टिचकी मारतो. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांचा जोड पक्का, बद्द आवाज आला तर डाख सुटलेला. दस्ता गावच्या सुताराने बदललेला असेल तर किंमत उतरते. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती जुन्या पिळाच्या नळीची बंदूक. तिच्यात आजचे जोरदार काडतूस घालणे जिवावर बेतते. असा दोष विकताना लपवू नये, घेणाऱ्याच्या हाताचा प्रश्न असतो.

एक चूक हौसेने होते. गिऱ्हाईक यायचे म्हणून नळी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करतात. त्याने मूळ काळा रंग जातो, किंमत पडते आणि नंबर पुसट झाला तर गुन्ह्याची वेळ येते. हलके तेल लावलेले फडके पुरे आहे, आणि तेही बंदूक जिथे कायदेशीर ठेवली आहे तिथेच.

परवानाधारक हयात असेल आणि स्वतःच विकत असेल, तर कलम ५ लागू होते. घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. या दीड महिन्याचा लोकांना राग येतो. पण भाव मिळवायला हाच वेळ कामाचा. विक्रेत्याने एकरकमी किती देऊ केले ते लिहून घ्या. त्याचे भांडवल अडकते, माल वर्षभर पडून राहू शकतो, म्हणून तो कमीच सांगणार, त्यात त्याची लबाडी धरू नका. दुसऱ्या विक्रेत्याला विचारा. आपल्याच नावाने त्याच्याकडे ठेवायची आणि गिऱ्हाईक आल्यावर कमिशन द्यायचे, असाही व्यवहार होतो. फक्त ठेवणावळ महिन्याला किती, हे आधी ठरवा, नाहीतर सहा महिन्यांत बंदुकीपेक्षा भाडे जड होते. थेट परवानाधारकाला दिली तर चार पैसे जास्त सुटतात, पण त्याचा मूळ परवाना डोळ्यांनी बघा. त्यावर हत्याराचा प्रकार, खरेदीची मुदत आणि युआयएन नंबर पाहा. "चार दिस वापरून बघतो" म्हणणाऱ्याला बंदूक द्यायची नाही. पैसे बँकेतून घ्या, आणि विक्रीनंतर आपल्या परवान्यावरची नोंद कमी करून घ्यायला विसरू नका.

तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना एक विनंती. मृत्यूची नोंद करताना, सातबाऱ्याला वारस लावताना, घरात परवान्याचे हत्यार आहे का, एवढे विचारा. जमिनीची चौकशी सगळे करतात, बंदुकीची कुणी करत नाही.

आमच्या शेतकऱ्याला पेढीतूनच सांगितले, बंदूक स्वतः मोटारसायकलवर टाकून नेऊ नको. आधी परवान्याचे पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात जा, हकीकत सांग आणि ते म्हणतील तशी जमा कर. पावतीवर नंबर, बनावट, काडतुसांची संख्या आणि "नळी साफ, दस्ता शाबूत" अशी स्थिती लिहून घे. ठाण्याच्या कोठीत पावसाळा काढलेली बंदूक गंजली, तर आधी कशी होती हे दाखवायला तोच कागद लागेल. मग गृह शाखेकडे विक्रीचा अर्ज.

"आन् त्या पाच हजारवाल्याला काय सांगू?"

परवाना आणून दाखव म्हणावे.